डोंगरांतला सागर

परीक्षा आटोपून मुलांना सुटी लागली, म्हणजे आमच्या घरीं एक जुना वाद नव्यानें सुरू होतो. यंदा कोठें जावें? मुलांचें उत्तर ठरलेलें असतें: समुद्रावर. मुंबईंत जन्म काढून पुन्हां समुद्रच पाहावयास जाणें म्हणजे हलवायाच्या मुलानें परगांवीं जाऊन पेढे मागण्यासारखें आहे, असें आम्ही त्यांस परोपरीनें समजावितों. परंतु मुलांना होडी हवी असते, पांखरें हवीं असतात आणि पाण्यांत पाय सोडून बसण्यास कांठाचा एखादा खडक हवा असतो. गेल्या वर्षीं मात्र आम्हीं एक युक्ति केली. ठाणें जिल्ह्याचा नकाशा पुढें पसरला आणि शहापूर तालुक्याच्या डोंगराळ भागांत छापलेल्या 'मोडकसागर' या नांवावर बोट ठेवलें. धाकटीनें अक्षरें लावून तें नांव वाचलें आणि विचारलें, "सागर म्हणजे समुद्रच ना?" आम्ही म्हणालों, "जवळजवळ." त्या एका शब्दावर वादाचा निकाल लागला.

वास्तविक शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांस समुद्राचा शेजार नाहीं. पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि तिच्या पायथ्याशीं सागाचीं जंगलें व भाताचीं खाचरें आहेत. परंतु या भागांत माणसानें अडविलेलें पाणी इतकें आहे, कीं त्यास सागर म्हणण्याचा मोह कोणासहि व्हावा. तानसा नदीवरचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. त्याची लांबी पावणेदोन मैलांच्या आसपास भरते. पुढें १९५७ सालीं वैतरणेवरचें धरण झालें आणि त्याच्या तलावास मुंबई नगरपालिकेचे इंजिनियर मोडक यांचें नांव मिळालें. त्यानंतर भातसा धरण आलें. आज मुंबईस रोज लागणाऱ्या पाण्यापैकीं निम्म्याच्या आसपास पाणी एकटी भातसा पुरविते. मोडकसागर एका दिवसाच्या फेरीस दूर पडतो, म्हणून आम्हीं तानसा निवडला. पाणी तितकेंच मोठें आहे असें कळल्यावर धाकटीची नांवाबद्दलची तक्रार उरली नाहीं.

पहाटेच्या गाडीनें आम्ही आसनगांवास उतरलों आणि उन्हें चढण्यापूर्वीं माहुलीच्या वाटेस लागलों. पळसगड, माहुली आणि भंडारगड असा हा तिहेरी गड असून त्याची उंची पावणेतीन हजार फुटांहून अधिक आहे. पायथ्याशीं महादेवाचें जुनें देऊळ आहे. तेथून वाट रानांत शिरते आणि माथ्याजवळ लोखंडी शिडीपाशीं येऊन थांबते. दक्षिणेकडच्या सुळक्यांस लोकांनीं नवरा, नवरी आणि भटोबा अशीं नांवें दिलीं आहेत. हें लग्न किती काळ लांबलें आहे याचा हिशेब मुलें शिडी संपेपर्यंत करीत होतीं. प्रस्तरारोहणाची हौस असणारे तरुण त्या सुळक्यांवर दोर लावून चढतात; आमची हौस शिडीवरच भागली. १६३६ सालीं निजामशाहीच्या बालराजास घेऊन शहाजीराजे याच गडाच्या आश्रयास आले होते, आणि मोगल व आदिलशाही फौजांपुढें त्यांस तो सोडावा लागला. एक राज्य जेथें संपलें, त्या तटाशीं बसून आम्हीं दशम्या खाल्ल्या.

तेथून उत्तरेस पाहिलें, आणि मुलें एकदम उठून उभीं राहिलीं. खालीं तानसाचा तलाव पसरला होता. डोंगरांच्या सोंडा पाण्यांत उतरल्या होत्या आणि दोन सोंडांमध्यें पाणी आंत शिरून एकेक आखात झालें होतें. पाणी हटल्यामुळें कांठाशीं तांबूस मातीचा पट्टा उघडा पडला होता. तो उन्हांत वाळूसारखा दिसे. कोंकणच्या किनाऱ्यावरील एखादी खाडी कोणी उचलून जंगलांत आणून ठेवावी, तसा तो देखावा होता. "समुद्रच आहे," धाकटी म्हणाली, आणि त्या क्षणीं तिचें म्हणणें खोडून काढण्याचें आमच्या मनांत आलें नाहीं.

दुपारीं आम्ही भाड्याच्या गाडीनें तलावाकडे गेलों. धरणावर जाण्यास परवाना लागतो, तो आम्हीं आधींच काढला होता. सभोंवारचें जंगल अभयारण्य आहे, आणि तलावाचें पाणी पिण्याचें असल्यामुळें त्यांत पोहणें अगर होडी घालणें चालत नाहीं. पाय सोडून बसण्याचा बेत अर्थातच बुडाला. परंतु पाणकावळे पंख पसरून वाळवीत होते आणि एका वठलेल्या झाडावरून खंड्या पुन्हां पुन्हां पाण्यांत सूर मारीत होता. पाहण्यांत मुलांचा तास सहज गेला.

परतींच्या वाटेवर आमच्याजवळचें पाणी संपलें. रस्त्यापासून थोडें वर, चढावर, दहापंधरा घरांचा एक पाडा होता. पहिल्याच घराच्या ओटीवर एक म्हातारी बसली होती. तिच्याकडे आम्हीं पाणी मागितलें. ती आंत गेली, हंडा कलंडल्याचा आवाज आला, आणि एक तांब्या घेऊन ती बाहेर आली. "पोरांना पयलं द्या, दादा," ती म्हणाली. मुलें प्यालीं, आम्ही प्यालों. तांब्यांत थोडें उरलें होतें. आमच्या थोरल्यानें शहरच्या संवयीनें त्यानें हात धुतले आणि राहिलेलें अंगणांत फेंकून दिलें. म्हातारी रागावली नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "टाकू नको बाला, झाडाला घाल." अंगणाच्या कोपऱ्यांत शेवग्याचें एक रोप होतें. त्याच्या मुळाशीं भांडीं धुतलेल्या पाण्याची राखाडी ओल दिसत होती.

बोलतां बोलतां कळलें, कीं होळीनंतर विहिरीचा तळ दिसूं लागतो आणि पुढें पाऊस पडेपर्यंत टँकरची वाट पाहावी लागते. ओटीवरून झाडींतून तलावाची निळी रेघ दिसत होती. आम्हीं तिकडे बोट दाखविलें. म्हातारी म्हणाली, "ते मुंबईचं पानी." शेजाऱ्याची गाय आपल्या कुंपणाशीं चरत असावी, आणि ती कोणाची असें विचारल्यावर ज्या सहजपणें उत्तर द्यावें, त्या सहजपणें ती हें बोलली. त्यांत तक्रार असती तर आम्हांस बरें वाटलें असतें. तक्रारीस उत्तर शोधतां येतें.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील, कीं दरसाल शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखांत हें व्हावें कसें? त्याचें कारण गूढ नाहीं. खालीं काळा कातळ आहे. पावसाचें पाणी त्यांत फारसें मुरत नाहीं, चार महिन्यांत धांवत नदीस मिळतें. नदी खोऱ्यांत अडविली जाते, आणि पाडे चढावर असतात. शहर उताराच्या दिशेस आहे. तानसाचें पाणी नळांतून त्याकडे आपल्या पायांनीं चालत जातें. चढावरच्या घरास तें कोणी उचलून नेलें तरच मिळतें. शहरासाठीं शेंकडों फूट खोल बोगदे खणणाऱ्या माणसांस शेंदोनशें फूट चढ अवघड वाटावा, यांत अडचण यंत्राची नाहीं, एवढें आम्हांस समजतें. शहराची तहान खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आम्ही स्वतः त्याच पाण्यावर वाढलों आहों. म्हणूनच त्या तांब्याचा हिशेब आम्हांस टाळतां येत नाहीं. जें पाणी आमच्या घरीं नळाची चावी फिरवितांच येतें, त्याच्या कांठीं राहणाऱ्या बाईनें टँकरचें पाणी आम्हांस पाजिलें होतें.

हा विचार कदाचित् मागें पडला असता. परंतु थंडी पडल्यावर आम्ही मुरबाडवरून नाणेघाटास गेलों. वैशाखरे गांवाच्या पुढें वाट जंगलांतून चढूं लागते आणि दोनतीन तासांनीं माथ्यावरील खिंडीशीं पोंचविते. खिंडीच्या तोंडाशीं सातवाहनांची लेणी आहे. तींत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतला लेख असून त्याचा काळ इसवी सनापूर्वीं पहिलें शतक असा मानतात. वर दगडाचा मोठा रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, असें परंपरा सांगते. येणारे लोक लेणें पाहतात आणि रांजणाशीं उभे राहून छायाचित्र काढवितात. आम्हींहि तेंच केलें.

परंतु लेण्याच्या आसपास कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं आहेत, आणि तेथील एका लहानशा लेखांत सोपाऱ्याच्या गोविंददासानें टांकें दान केल्याची नोंद आहे. सोपारा म्हणजे आजचें नालासोपारा, त्या काळचें नामांकित बंदर. समुद्रकांठच्या या माणसानें डोंगरमाथ्यावर पाण्याची सोय केली. कारण माल घेऊन घाट चढणारा माणूस आणि बैल तेथें तहानेलेले पोंचत, हें त्यास ठाऊक होतें. दोन हजार वर्षांपूर्वीं किनाऱ्यानें डोंगरास पाणी दिलें होतें. आज डोंगर किनाऱ्यास पाणी देतो, आणि किनाऱ्यावरचे आम्ही त्याच्या कांठीं सहलीस जाऊन परवान्याची पावती जपून ठेवितों.

गोविंददासाची गोष्ट आम्हीं मुलांना तेथेंच सांगितली. थोरला बराच वेळ गप्प होता. हल्लीं तो तांब्यांतलें उरलेलें पाणी खिडकींतल्या तुळशीस घालतो. आम्हीं त्यास तसें सांगितलेलें नाहीं. एवढ्यानें त्या पाड्याचें ऋण फिटत नाहीं, हें त्यासहि समजत असावें, आणि आम्हांस तर समजतेंच.

यंदाहि सुटी लागली आहे आणि नकाशा पुन्हां पुढें पसरला आहे. धाकटी आतां डोंगरांतल्या त्या पाण्यास समुद्र म्हणत नाहीं. कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "समुद्राचं पाणी कोणाचं, असं कोणी विचारीत नाहीं."