माळ्यावरची बाळंतीण

आपल्या हातून मुंगीहि मरूं नये म्हणून जपणारीं माणसें दुसऱ्याच्या हातून हत्ती मेला तरी फारसा विचार करीत नाहींत. हें मत मीं कोणा तत्त्वज्ञाकडून उसनें घेतलेलें नाहीं. तें मला एका रॅकूननें शिकविलें.

मिशिगनमधील आमचें घर गांवाबाहेर, मेपलच्या झाडींत आहे. एका मे महिन्यांत मध्यरात्रीं माळ्यावर धडधड सुरू झाली. प्रथम वाटलें, वारा असेल. पण वारा कांहीं पावलें टाकीत चालत नाहीं. चौथ्या दिवशीं छपराच्या कोपऱ्यांतील फळी उचकटलेली दिसली. कचऱ्याचें पिंप तर रोज पहाटे उताणें! "एवढ्या लांब येऊन घुशींशींच संसार करावयाचा होता, तर रत्नागिरी काय वाईट होती?" असा सवाल आमच्या सौभाग्यवतींनीं टाकला, तेव्हां माझा घरमालकाचा अभिमान जागा झाला.

रॅकून हा प्राणी मांजराहून थोराड, झुबकेदार शेपटीवर काळीं कडीं असलेला आणि डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी बांधलेला असतो. त्याचें नांव पौहाटन या मूळच्या अमेरिकन लोकांच्या भाषेंतून आलें; हातांनीं खरवडणारा, असा त्याचा अर्थ. पुढच्या पंजांना पांच बोटें, आणि त्यांची स्पर्शशक्ति इतकी तल्लख कीं, डोळ्यांचें बरेंचसें काम तीं बोटेंच करितात. १९२६ सालीं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्याकडे मेजवानीसाठीं म्हणून कोणीं एक रॅकून धाडली, तर त्यांनीं ती कापूं न देतां रेबेका या नांवानें पाळली. पण राष्ट्राध्यक्षांना घर सरकारी असतें. माझ्या घराचें कर्ज अद्याप फिटावयाचें होतें.

आमचे शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. ते धनुर्धारी आहेत. धनुर्धारी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अर्जुन उभा राहतो. हे मात्र जाड चष्म्याचे, गुडघेदुखीनें बेजार झालेले निवृत्त शिक्षक. अमेरिकेंतील आजच्या धनुर्विद्येची कुळकथा मला त्यांच्याकडूनच कळली. १९११ सालीं कॅलिफोर्नियांत याही जमातीचा एकटा उरलेला इशी हा माणूस जगापुढें आला. सॅक्स्टन पोप नांवाच्या डॉक्टरानें त्याच्याकडून धनुष्याची शिकार शिकून घेतली. इशी १९१६ मध्यें क्षयानें वारला, आणि पोपचें १९२३ चें पुस्तक वाचून अनेक अमेरिकनांनीं धनुष्य हातीं घेतलें. ज्या समाजाच्या हातून ती जमात संपली, त्याच समाजानें तिची विद्या अशी जपली!

मीं माझें गाऱ्हाणें सांगतांच ते म्हणाले, "खारीला बोथट टोकाचा बाण पुरतो, धक्क्यानेंच ती मरते. रॅकून चिवट. त्याला धारदार पातें लागतें. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्यानें मारीत नाहीं, रक्तस्रावानें मारतो. म्हणून वर्मीं नेम बसेल इतकें जवळ जातां येत नसेल, तर तो सोडूंच नये."

नियम राज्याराज्यांत निराळे आहेत, आणि पुष्कळ शहरांच्या हद्दींत बाण सोडण्यासच मनाई असते. आमच्या जागेपुरती त्यांनीं चौकशी करून घेतली. मीं एवढेंच विचारलें, "मग कधीं येतां?" मी जन्माचा शाकाहारी, पण हा प्रश्न विचारतांना माझी जीभ जराहि अडखळली नाहीं.

येथें मे महिन्यांत रात्रीं नऊपर्यंत उजेड रेंगाळतो. शेजारी मेपलखालीं उभे राहिले, मी खिडकींत. फळीच्या फटींतून आधीं एक काळा पंजा, मग तोंड, मग सगळें अंग बाहेर आलें. ती फांदीवरून सावकाश उतरूं लागली. धनुष्य ताणलें गेलें, क्षणभर तसेंच राहिलें, आणि हळूच सैल झालें.

मी धांवत खालीं गेलों. "काय झालें?"

"तिचें पोट पाहिलेंत? तिला दूध आहे. वर पिलें असणार."

यावर मी जें बोललों तें लिहावयास आज संकोच वाटतो. मी म्हणालों, "असेनात! तीं मोठीं होऊन उपद्रवच देणार ना?"

त्यांनीं चष्मा पुसला. "मग तीं भुकेनें मरेपर्यंत त्यांचें रडणें ऐकण्याची तुमची तयारी आहे का?"

तें रडणें मीं ऐकलेलें होतें. आमच्या कोंकणांतल्या घरीं आजोबांची गलोल होती, मातीच्या गोळ्या मारण्याची. माकडें हांकलण्यापुरती ती खुंटीवरून निघे. माझें वय तेव्हां अकरा वर्षांचें. रोज रात्रीं माळ्यावर नाचणाऱ्या उदमांजराला मीं एका सांजेला कौलांवर गांठलें आणि गोळी मारली. तें घसरून पडलें, लंगडत बागेंत शिरलें, आणि पुन्हां आलें नाहीं. मला शाबासकी मिळाली. त्या रात्रीं माळ्यावर बारीक कण्हणें सुरू झालें. तिसऱ्या रात्रीं तें थांबलें. आजोबा शिडी लावून वर चढले आणि पंचांत कांहीं गुंडाळून खालीं आले. मला कांहीं बोलले नाहींत. मात्र गलोल मला त्यानंतर खुंटीवर दिसली नाहीं. १९७२ च्या कायद्यानें आज उदमांजराला संरक्षण आहे. पण त्या पंचांत काय होतें तें समजावयाला कायदा कशाला हवा?

ही हकीकत मीं आजवर घरांतहि सांगितली नव्हती. ती त्या परक्या माणसाला, त्या परक्या झाडाखालीं सांगून टाकली. ते एवढेंच म्हणाले, "मींहि एकदां अशी चूक केली आहे. म्हणूनच आधीं पोट पाहतों."

दुसऱ्या दिवशीं त्यांच्याच सल्ल्यानें माळ्यावर दिवा लावला आणि रेडिओ चालू ठेवला. उजेड आणि गलबला बाळंतिणीला कोठें सोसतो? तिसऱ्या रात्रीं आम्ही दोघें खिडकींत बसलों होतों. तिनें एकेक पिलूं मानेला धरून तोंडांतून नेलें. तीन पिलें मीं मोजलीं. तिसऱ्यानंतरहि ती एकदां परत आली, माळा हुंगून गेली. कांहीं राहिलें तर नाहीं ना, हें पाहावयालाच आली असावी.

सकाळीं माळा पुन्हां तपासून मीं फळी ठोकली. पिंपाच्या झांकणाला पट्टा बांधला. तो पट्टा ती बोटें कधीं तरी सोडवतीलच, याविषयीं मला शंका नाहीं.