सायबोर्नच्या मैदानातून उठवलेले शिपाई

चि. भाचेबुवांस,

पावनखिंडीच्या तुझ्या डायोरामाचे (छोट्या मूर्तींच्या देखाव्याचे) फोटो मिळाले. दगडांवरचा ड्रायब्रश झकास. बघणाऱ्याला हुडकायला लावतील अशा खुणा कुठे दडवाव्यात, असं तू विचारलंस. त्यावर सल्ला देण्याऐवजी विल्यम सायबोर्न नावाच्या एका इंग्रज लेफ्टनंटची हकिगत कळवते.

सायबोर्न वॉटर्लूला लढला नव्हता. १८ जून १८१५ची ती लढाई आटोपल्यावर तो फ्रान्समधल्या इंग्रज फौजेत दाखल झाला. जमिनीची मोजणी आणि नकाशे यांत मात्र त्याचा हात धरणारे थोडे. १८३० साली सरसेनापती लॉर्ड हिल यांच्याकडून त्याला रणभूमीची प्रतिकृती करण्याचं काम मिळालं आणि हा गडी थेट ला हे सेंतच्या शेतवाड्यात जाऊन राहिला. ज्या वाड्यासाठी त्या दिवशी हातघाईची लढाई झाली, तोच हा वाडा. तिथे त्याने आठ महिने मोजणी केली. पंचाईत अशी की जमीनच बदलली होती. लढाईच्या स्मारकातल्या सिंहाच्या पुतळ्याखालचा प्रचंड ढिगारा रचायला १८२०च्या दशकात इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या टेकाडाची माती खणून नेली होती. म्हणजे पायाखाली जे नव्हतं, तेही त्याला कागदावर उभं करायचं होतं.

मग त्याने त्या लढाईत असलेल्या हयात अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कोणत्या रचनेत होती? समोर शत्रू कसा उभा होता? आणि (हा प्रश्न मला फार आवडतो) तुमच्या आसपास शेतात पीक कोणतं होतं? वीस वर्षांपूर्वीचं पीक विचारणारा माणूस! पण रंगवणाऱ्याला तेच हवं असतं. जूनमधली राय (हे तिथलं धान्य) माणसाला झाकेल एवढी उंच वाढलेली होती. संध्याकाळपर्यंत घोड्यांनी आणि तोफांनी ती पार तुडवून टाकली. तो रंग वेगळाच. शेकडो उत्तरं आली, आणि ती एकमेकांशी जुळेनात. धुरात आणि गोंधळात जो तो आपल्यापुरतंच पाहू शकला होता.

प्रमाणाचा घोळ त्याने कसा सोडवला ते तुझ्या कामाचं आहे. एका मैलाला नऊ फूट, म्हणजे साधारण १:६००. या हिशेबाने माणूस तीन मिलिमीटरचा होतो. त्याला गणवेश काय रंगवणार, कपाळ! म्हणून उभ्या मापाला त्याने १:१८० धरलं आणि शिसं-कथलाचे शिपाई सेंटीमीटरभर उंचीचे केले. असे सत्तर हजारांहून जास्त! लढाईतली सगळी माणसं तर जागेत मावेनात, म्हणून एक मूर्ती म्हणजे दोन माणसं, असा हिशेब ठरला होता. उतारही त्यामुळे खऱ्यापेक्षा तिप्पट चढे दिसतात. ही लबाडी उघड आहे आणि सोयीचीही. वेलिंग्टनने फौज टेकाडाच्या पाठीमागे का दडवली, ते बघणाऱ्याला पटकन कळतं.

खरा पेच वेळेचा होता. सायबोर्नने संध्याकाळचे सात निवडले, नेपोलियनच्या खास गार्डच्या शेवटच्या चढाईची वेळ. ला हे सेंत फ्रेंचांनी घेतलेलं, ऊगोमोंचा वाडा जळतोय. पण त्याच घडीला पूर्वेकडून इंग्रजांच्या बाजूची प्रशियन फौज फ्रेंचांच्या बगलेत घुसली होती, प्लांसन्वा गावात मारामारी चालू होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या पत्रांखेरीज प्रशियनांकडची माहितीही त्याने मिळवली होती आणि त्यांना पटावर ठसठशीत जागा दिली होती. मैदानाचा तो कोपरा त्यांनी भरून गेला. वेलिंग्टनच्या गोटाला हे रुचलं नाही. विजयाचं माप प्रशियनांच्या पदरात जास्त पडतंय आणि त्या घटकेला ते इतके पुढे आलेच नव्हते, असा आक्षेप आला. सरकारने तर अर्ध्यावरच हात आखडता घेतला होता. पुढचा खर्च सायबोर्नने पदरचे आणि उसने पैसे घालून रेटला.

१८३८मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती मांडली गेली. एक शिलिंग तिकीट, आणि सुमारे लाखभर माणसं येऊन गेली. कर्ज मात्र फिटलं नाही. पुढे दबावापुढे मान तुकवून त्याने प्रशियनांच्या हजारो मूर्ती उचलल्या. आज चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये ती प्रतिकृती बघणाऱ्याला पूर्वेकडचा विरळ भाग साधा दिसतो. तिथे एके काळी दाट फौज होती, हे नुसतं पटाकडे पाहून कळत नाही. हट्टी माणूस खरा, पण या ठिकाणी वाकला. त्याला दोष द्यायला माझं मन होत नाही. डोक्यावर कर्ज असताना बड्या लोकांशी भांडायला अंगात बळ लागतं.

तेव्हा खिंडीत बिल्ला, तुटकी वहाण वगैरे खुशाल दडव. आधी मात्र घटका ठरव. बाजीप्रभू उभे आहेत ती घटका, की तोफांचे आवाज कानी पडल्यानंतरची? त्यावरून पटावर कोण दिसेल आणि कोण नाही, ते ठरेल. आषाढातलं गवत त्यानंतर रंगव.

सायबोर्नने पुढे दुसरी प्रतिकृती केली, मोठ्या प्रमाणातली. ती आता लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे. तिच्यात इंग्रजांच्या जड घोडदळाची दुपारची चढाई आहे. त्या वेळी प्रशियन अजून मैदानात उतरलेच नव्हते.

आईला नमस्कार सांग. पुढचे फोटो उजेडात काढ.

तुझी मावशी