घडीचा कागद

आमच्या घरातून परदेशी जाणारा पहिला माणूस म्हणजे आमचा चिरंजीव. त्यापूर्वी आमच्यापैकी कोणी दूरचा प्रवास केला असेल तर तो पंढरीचा, काशीचा, नाहीतर नोकरीच्या शोधात पुण्या-मुंबईचा. त्यामुळे २०१८ च्या सप्टेंबरात तो यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील केम्निट्झ या शहरी निघाला, तेव्हा बेळगावातील आमच्या घराला लग्नघराचे रूप आले होते. व्हिसासाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरूच्या खेपा झाल्या. कर्जासाठी बँकेचे उंबरठे झिजवून झाले. भाजणी, मेतकूट, लिंबाचे लोणचे आणि कुंद्याचा डबा यांचे वजन सौभाग्यवतींनी पुनःपुन्हा करून पाहिले. प्रमाणपत्रांची फाईल आम्ही स्वतः लावली, तीही अनुक्रमणिकेसह. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हातून याहून वेगळे काय होणार?

निघण्याच्या आदल्या रात्री त्याला समोर बसवून आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. पैसा जपून खर्च कर. कोणाचे उपकार घेऊ नकोस. आणि बारीकसारीक गोष्टींसाठी घरी काळजी लावू नकोस. आयुष्यभर वर्गात उपदेश केलेल्या माणसाला वाटावे तसे, आपण मुलाला मोलाची शिदोरी दिली, असे आम्हांस वाटले. मुलगा आज्ञाधारक. त्याने मान डोलावली.

त्या वर्षीची दिवाळी सरून पंधरवडा झाला असेल नसेल. एका शनिवारी संध्याकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. आईने दिलेला ओवा चावून, वर गरम पाणी पिऊन तो पडून राहिला. रात्री दुखणे वाढले, अंगात ताप भरला. डॉक्टरांना बोलवावे, तर खर्च किती येईल कोण जाणे. पैसा जपायचा होता. शेजारच्या खोलीचे दार ठोठवावे, तर उपकार होणार. घरी फोन करावा, तर आमची झोप उडणार. बाहेर पडण्याच्या तिन्ही दारांना आम्हीच बाहेरून कड्या घालून ठेवल्या होत्या! पोर रविवारभर एकटे तळमळत राहिले.

संध्याकाळी त्याच्या वर्गातील एक व्हिएतनामी मुलगा उसना नेलेला कुकर परत करावयास आला, म्हणून हे लिहिण्याची वेळ आमच्यावर एवढ्या शांत चित्ताने आली आहे. त्या मुलाने मित्राचा चेहरा पाहताच ११२ हा क्रमांक फिरविला. पलीकडून पहिला प्रश्न आला, कोठून बोलता? तो मुलगा वाट ओळखून आला होता. रस्त्याचे नाव आणि घर क्रमांक त्याला ठाऊक नव्हते. आमच्या चिरंजीवांचा पत्ता त्यांच्या मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल केव्हाच बंद पडला होता. शेवटी तो मुलगा जिना उतरून खाली धावला आणि दारावरची पाटी वाचून त्याने पत्ता सांगितला. रुग्णवाहिका आली. आंत्रपुच्छ फुटले होते. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. उशीर झाला होता. परंतु फार नाही.

आणि आम्ही? आम्ही इकडे सोमवारी प्रार्थनेला उभे होतो, मंगळवारी तपासणीच्या वह्या पाहत होतो. त्याने आमचा फोन क्रमांक प्रवेशाच्या वेळी लिहून दिला होता, पण त्याच्या आधी भारताचा ९१ हा संकेतांक घातला नव्हता. त्या दहा आकड्यांवरून परदेशातून आम्हांस कोण शोधून काढणार? चौथ्या दिवशी त्यानेच फोन केला. त्याचे पहिले शब्द होते, "बाबा, रागावू नका."

त्याच्या आईने नंतर त्याला अनेक प्रश्न विचारले. आम्हांला मात्र त्या तीन शब्दांपुढे काही विचारता आले नाही. शत्रक्रियेनंतरच्या ग्लानीतून उठलेल्या मुलाला पहिली भीती वाटावी ती बापाच्या रागाची! पुढे हिशेब कळला, तेव्हा तर मान खाली गेली. तेथील सार्वजनिक आरोग्य विम्यात त्याची नोंद होती. विद्यार्थ्यांना विम्यावाचून विद्यापीठात प्रवेशच मिळत नाही. त्या विम्यानुसार रुग्णालयातील प्रत्येक दिवसाचे त्याने द्यावयाचे होते दहा युरो आणि रुग्णवाहिकेचे दहा. शस्त्रक्रियेचा सारा भार विम्याने उचलला. दहा युरो वाचविण्यासाठी आमचा मुलगा एक रात्र आणि एक दिवस मृत्यूच्या उंबरठ्यावर पडून राहिला होता. विम्याचे कार्ड कुलूपबंद पेटीत, त्या अनुक्रमणिकेच्या फाईलमध्ये, सुरक्षित होते.

वाचकहो, त्या हिवाळ्यात आम्ही एक कागद तयार केला. आमच्या शाळेतून शिकून गेलेला कोणीही मुलगा वा मुलगी परदेशी निघाली, की हा कागद आम्ही तिच्या हाती देतो. साधा मोठा कागद, चौघडी घातलेला, पाकिटात मावेल एवढा. मोबाईल हरवतो, बंद पडतो, चोरीस जातो; कागदाला वीज लागत नाही.

पहिल्या घडीवर 'मी कोण' ते लिहावे. पासपोर्टवर आहे तसेच नाव, राहत्या जागेचा पूर्ण पत्ता त्या देशाच्या लिपीत, रक्तगट, कोणते औषध सोसत नाही ते, आणि नेहमीची औषधे. औषध दुकानातल्या नावाने लिहू नये, मूळ द्रव्याच्या नावाने लिहावे. आपल्याकडचे पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणून मिळते. आपली ओळखीची गोळी तेथे त्याच नावाने मिळेल, या भरवशावर राहू नये. खाली घरचे दोन क्रमांक, अधिक ९१ घालून.

दुसऱ्या घडीवर हाकेचे क्रमांक. युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत व कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात तीन शून्ये, न्यूझीलंडमध्ये १११. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११०. जर्मनीत जीव धोक्यात नसेल, पण दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल, तर ११६११७. यांखाली विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा आणि जवळच्या भारतीय दूतावासाचा क्रमांक. क्रमांक लिहून भागत नाही. फोनवर बोलण्याची तालीम करावी लागते. कोठे आहे, काय झाले, किती जणांस झाले, कोण बोलतो आहे, एवढे सांगावे आणि पलीकडच्या माणसाने सांगितल्यावाचून फोन ठेवू नये. आम्ही कार्यालयातल्या टेबलावर मुलांकडून ही तालीम करून घेतो. प्रथम ती हसतात, तिसऱ्या खेपेस गंभीर होतात.

तिसरी घडी कागदपत्रांची. पासपोर्टचा क्रमांक, विम्याचा क्रमांक, आणि दोहोंच्या प्रती मूळ कागदांपासून वेगळ्या ठिकाणी ठेवल्याची नोंद. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन मग दूतावास. तेथे मिळणारा तातडीचा दाखला केवळ भारतात परतण्यापुरता असतो. शिक्षण पुढे चालू ठेवावयाचे तर नवा पासपोर्टच काढावा लागतो. दुर्दैवाने पोलिसांनी अटक केली, तर न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये, दुभाषा मागावा आणि आपल्या दूतावासास कळविण्याची विनंती करावी. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील छत्तिसाव्या कलमाने हा अधिकार दिलेला आहे. तो मागण्यात उद्धटपणा नाही.

याच घडीवर दूतावासाच्या नोंदणीची तारीख लिहावी. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली 'मदद' हे संकेतस्थळ सुरू केले; तेथे विद्यार्थ्यास आपली नोंद करता येते, अडचणही मांडता येते. ही नोंद मुले टाळतात. तिचे मोल २०२२ साली युक्रेनमध्ये कळले. त्या वर्षी १५ फेब्रुवारीस दूतावासाने विद्यार्थ्यांना तात्पुरते देश सोडण्याचा सल्ला दिला होता. २४ तारखेस युद्ध पेटले. विमानतळ बंद झाले. 'ऑपरेशन गंगा'खाली मुलांना पोलंड, हंगेरी, रुमानिया, स्लोव्हाकिया यांच्या सीमा ओलांडवून आणावे लागले. खारकीव शहरात १ मार्च रोजी अन्नासाठी बाहेर पडलेला आपल्याच कर्नाटकातील एक विद्यार्थी तोफमाऱ्यात गेला. सुमी शहरात अडकलेल्या शेकडो मुलांना ८ मार्चपर्यंत वाट पाहावी लागली. उलट मे २०२४ मध्ये किरगिझस्तानातील बिश्केक येथे दंगल झाली, तेव्हा दूतावासाचा सल्ला होता, घराबाहेर पडू नका. एके ठिकाणी निघा, दुसऱ्या ठिकाणी थांबा. कोणते खरे, हे मोबाईलवरच्या अफवांवरून ठरविता येत नाही. तुमचे नाव आणि पत्ता ज्यांच्याजवळ आहे, तेच तुम्हांस वेळेवर सांगू शकतात.

चौथी घडी घरच्यांची. विलायतेत हिवाळ्यात आपल्याहून साडेपाच तास आणि जर्मनीत साडेचार तास घड्याळ मागे असते, हे आजीलाही कळेल असे लिहावे. दूर असलेल्या मुलाचे नाव सांगून, "त्याला पकडले आहे, ताबडतोब पैसे पाठवा," असे फोन हल्ली आईबापांस येतात. म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. आमच्या घरचा शब्द आमच्या आजोळच्या विहिरीशी संबंधित आहे. अधिक सांगत नाही. आणि अगदी तळाशी आम्ही आमच्या हाताने, मराठीत, एक ओळ लिहितो: 'रात्री कितीही वाजता फोन कर. कोणी रागावणार नाही.'

ही शेवटची ओळ लिहावयास आम्हांस सर्वांत अधिक वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे. कोणास त्रास देऊ नये, ही शिकवण आम्हांस वडिलांकडून मिळाली आणि ती खोटी आहे असे आजही वाटत नाही. परंतु जरा विचार केला, तर आम्ही सीमाभागातली माणसे जगलो कशी? घरात मराठी, कचेरीत कानडी. अर्ज लिहिता येईना, तेव्हा आमच्या वडिलांनी शेजारच्या कानडी मास्तरांचे दार ठोठावले होते आणि त्यांनीही तो आनंदाने लिहून दिला होता. परक्या भाषेत मदत मागण्याची विद्या आमच्या घरात होती. मुलाला फाईल दिली, लोणचे दिले. ती विद्या तेवढी द्यावयाची राहिली.

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातील आमची एक विद्यार्थिनी आयर्लंडला शिकावयास निघाली. पेढे घेऊन वडील आणि आजीसह ती आली. आम्ही कागद पुढे केला. दुखणे, अटक, युद्ध हे शब्द वाचून वडिलांचा चेहरा उतरला. "सर, पोरगी शुभ कामाला निघालीय. आत्ताच हे अशुभ कशाला?" त्यांचे म्हणणे आम्हांस परके नव्हते. २०१८ साली कोणी असा कागद आणला असता, तर आम्हीही त्याला हेच म्हणालो असतो. आम्ही त्यांना केम्निट्झची हकिकत सांगितली, ती आज तुम्हांस सांगितली तेवढीच.

कोणी काही बोलले नाही. मग आम्ही मुलीकडून तालीम करून घेतली. डब्लिनमधल्या तिच्या खोलीचा पत्ता तिने दोनदा चुकविला, तिसऱ्यांदा बिनचूक सांगितला. आजीला इंग्रजी येत नाही. पण शेवटची मराठी ओळ तिने बोट ठेवून, एकेक अक्षर लावीत वाचली. मग कागदाची नीट चौघडी घातली, कमरेची पिशवी सोडली, तीतून कपिलेश्वराच्या अंगाऱ्याची पुडी काढली आणि दोन्ही नातीच्या पर्समध्ये एकाच कप्प्यात ठेवली.