तोंडी शब्द

डोंगरीतल्या चाळीत अब्बांची पागडीची खोली होती. 1988 साली गोदीतली नोकरी संपली, तसे अब्बा-अम्मी रत्नागिरीकडच्या आमच्या गावी परतले. खोलीत चुलतचाचांचा मुलगा राहू लागला.

"राहू द्या की मियाँ, पोरगं कुठं जाईल?" म्हातारे मालक म्हणाले. अब्बांना तेवढं पुरे होतं. भाडं तो पोरगा भरी, पावती अब्बांच्या नावाची.

म्हातारे वारले. 2003 साली त्यांच्या मुलानं लघुवाद न्यायालयात दावा लावला : विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवला.

वकिलांनी समजावलं, 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांना कायद्यानं भाडेकरू मानलं होतं, हा त्यानंतरचा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 16 सांगतं, बेकायदा पोटभाडं हे खोली परत घ्यायला पुरेसं कारण आहे. तिऱ्हाइताचा पूर्ण ताबा दिसला, की मोबदला घेतला असेल असं कोर्ट धरू शकतं.

"लेखी संमती आहे?"

नव्हती. खोली गेली.

अब्बा फजरनंतर रोज कुराण वाचत. सूरह बकराची 282 वी आयत, कुराणातली सर्वांत मोठी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. मी एकदा धीर करून विचारलं, "अब्बा, मग तुम्ही का नाही लिहून घेतलं?"

"कागद मागितला असता, तर त्यांना वाईट वाटलं असतं."

थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांच्या मुलाचा तरी काय दोष? बापाचा शब्द त्यानं कुठं ऐकला होता?"