विसावा हिस्सा आणि यादी कोणाची?

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत पावतीपुस्तके निघतात. कमान, मंडप, डीजे यांच्यासाठी वर्गणी जमते आणि देताना कोणी मागेपुढे पाहत नाही. तेव्हा आपला समाज देत नाही, हे म्हणणे खोटे आहे. समाज देतो. खरा प्रश्न, तो पैसा कुठे जातो आणि ते कोण ठरवतो, हा आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या, असे सांगितले. म्हणजे शंभरातले पाच रुपये. समोर बसलेले लोक गिरणीत आणि शेतात राबणारे होते. त्यांना कोणा शेठजीची वाट पाहायला सांगितले नाही.

याच विचाराने आम्ही चार वर्षांपूर्वी वस्तीत अभ्यासिकेचा निधी सुरू केला. घरटी महिना पन्नास रुपये. पहिल्या वर्षी नऊ मुलांची फी भरली आणि आम्ही स्वतःवर खूश झालो. मग सभेत धुणीभांडी करणारी एक ताई उठली. म्हणाली, "आमचे पन्नास चालतात, आमची पोरगी चालत नाही का?"

यादी पुन्हा पाहिली. नऊपैकी सात मुले नोकरदारांच्या घरची होती. कोणी लबाडी केली नव्हती. साठ टक्क्यांची अट आम्हीच घातली होती, आणि जिची मुलगी आठवीतच शाळेतून सुटली ती त्या अटीपर्यंत पोहोचणार कशी? सर्वांना एकच अट म्हणजे समता, असे आम्ही समजलो होतो. समाजशास्त्रात एम.ए. करूनही हे आम्हाला त्या ताईकडून शिकावे लागले.

आम्ही टक्क्यांची अट काढली. शाळा सुटलेल्या मुलींना पहिला हक्क दिला. पाच जणांच्या समितीत तीन बाया घेतल्या. काही नोकरदार घरांनी वर्गणी बंद केली, हेही लपवणार नाही. पण त्या ताईची मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाली.

मग एक कंपनी आली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तेव्हा ती काही मेहरबानी नव्हती. संगणक देतो म्हणाले, पण मुले आम्ही निवडणार आणि त्यांचे फोटो छापणार. आम्ही म्हणालो, संगणक घेऊ, यादी देणार नाही. ते परत आले नाहीत.

भागीदारीला आमचा विरोध नाही. 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, लेखणी मात्र बाबासाहेबांच्याच हाती राहिली. भागीदारी अशी असावी.

आणखी एक. हा निधी सरकारी शिष्यवृत्तीला पर्याय नाही. शिष्यवृत्ती आपला हक्क आहे. निधीतून आम्ही दाखल्यांसाठी तहसीलला जायचे गाडीभाडे देतो आणि रखडलेल्या अर्जांचा पाठपुरावा करतो. आपण फी भरली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही.

यंदा पावती फाडताना दोन गोष्टी विचारा. हिशेब कुठे लावला जाईल? आणि वस्तीतल्या सर्वांत गरीब बाईला त्या यादीवर बोलता येईल का? उत्तर मिळाले नाही तर पावती परत करा, आणि पाच घरे मिळून स्वतःचा निधी सुरू करा.

जय भीम!