भांडकुदळ प्रेमिकांच्या सहवासात

धर्मगुरूने प्रेमकथा पाहाव्यात काय, असा प्रश्न आमच्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ भगिनीने आम्हांस एकदा विचारला होता. प्रश्नात थट्टा होती, तशी थोडी काळजीही होती. ज्याच्याकडे लग्ने लावण्याचे काम आहे, त्याने निदान चांगल्या प्रेमकथा तरी पाहाव्यात, असे उत्तर देऊन आम्ही वेळ मारून नेली.

या छंदाचे मूळ पुण्याच्या सेमिनरीत आहे. एका शनिवारी रात्री आमच्या वृद्ध प्राध्यापकांनी व्हिडिओवर १९४५ सालचा एक कृष्णधवल ब्रिटिश चित्रपट दाखविला. ‘आय नो व्हेअर आय ॲम गोइंग!’ हे त्याचे नाव. पॉवेल आणि प्रेसबर्गर या जोडीची ती निर्मिती. त्यातील जोन ही तरुणी एका धनाढ्य कारखानदाराशी विवाह करण्यासाठी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटावर निघते. आगगाड्या, बोटी, वेळा, सारे तिच्या कागदावर लिहिलेले असते. अखेरचा खाडीचा पट्टा तेवढा ओलांडता येत नाही. छताच्या तुळया मोजीत मागितलेले मागणे फळते, असे तिला कोणी सांगते. धुके हटावे म्हणून ती वारा मागते आणि वारा येतो तो वादळ होऊन! खोळंबलेल्या त्या दिवसांत एका नौदल अधिकाऱ्याशी तिची ओळख होते. बेटाचा खरा मालक तोच. कारखानदार केवळ भाडेकरू.

आपण कोठे निघालो आहोत हे पक्के ठाऊक असलेले आम्ही पन्नास विद्यार्थी त्या रात्री मनसोक्त हसलो. प्राध्यापक मात्र चित्रपटाकडे कमी आणि आमच्याकडेच अधिक पाहत होते, असे आता आठवते.

अशा चित्रपटांना ‘स्क्रूबॉल’ म्हणतात. शब्द अमेरिकेचा, बेसबॉलमधील उलट्या दिशेने वळणाऱ्या चेंडूचा. आपण गुगली म्हणावे. १९३० च्या दशकात हॉलीवूडने हा प्रकार रूढ केला. तेथील नायक-नायिका धावत धावत भांडतात. ब्रिटिशांनी त्याची गती उतरविली, मधे पाऊस, धुके व चहा आणला आणि भांडणाला शिष्टाचाराचा अंगरखा चढविला. आम्हांस हीच आवृत्ती अधिक भावते. क्षमा मागतानासुद्धा टोचून बोलता येते, हे त्यांनाच साधले!

१९३८ सालच्या ‘द डिव्होर्स ऑफ लेडी एक्स’ची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. लंडनच्या दाट धुक्यात हॉटेलात अडकलेली एक तरुणी एका तरुण वकिलाची खोली बळकावते. घटस्फोटांचे खटले चालविणारा हा वकील तिला विवाहित समजतो आणि तीही त्याचा गैरसमज मजेने वाढवीत नेते. वकील झाला आहे लॉरेन्स ऑलिव्हिए आणि ती मर्ल ओबेरॉन. मर्ल १९११ साली मुंबईत जन्मली. आपले भारतीय मूळ तिने जन्मभर लपविले. जन्म टास्मानियातला असे ती सांगत राहिली. पडद्यावरचे सोंग दीड तासात उतरते आणि सारे हसतात. तिचे खरे सोंग १९७९ साली तिच्या मृत्यूपर्यंत उतरले नाही. तो चित्रपट पाहताना आमचे हसू मधेच थांबते.

परंतु ज्या चित्रपटाने आम्हांस खरोखर अस्वस्थ केले, तो ‘जेनेव्हिव्ह’. १९५३ सालचा हा रंगीत चित्रपट आम्ही २०२० साली टाळेबंदीत, चर्चची दारे बंद असताना पाहिला. त्याआधी एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे.

आम्ही नवखे सहायक धर्मगुरू असताना एक जोडपे विवाहाची नोंदणी करण्यास आले. बँड कोणता लावावा यावरून दोघे आमच्या टेबलासमोरच भांडू लागले. तेथून मुलाची आई, मुलीची नोकरी, मागच्या नाताळातील कुठलासा अपमान, असे सारे निघाले. आम्ही गंभीर झालो आणि वर्षभर थांबा, असा सल्ला दिला. त्यांनी आमचे ऐकले. वर्षानंतर ती दोघे आली नाहीत. पुढे दोघांचे विवाह झाले, निरनिराळ्या ठिकाणी.

‘जेनेव्हिव्ह’ हे १९०४ सालच्या एका डॅराक मोटारीचे नाव. ॲलन आणि वेंडी हे दांपत्य जुन्या गाड्यांच्या लंडन ते ब्रायटन फेरीस ती घेऊन जाते. वाटेत गाडी बिघडते. मुक्कामाला मिळते ती खोली भिकार, गरम पाण्याला ठरावीक तास आणि खिडकीसमोर ठणठणणारे घड्याळ. मित्र ॲम्ब्रोजवरून ॲलनच्या मनात मत्सर पेटतो आणि परतीच्या शर्यतीवर तो शंभर पौंडांची पैज लावून बसतो. वेंडी संतापते, पण गाडीत त्याच्या शेजारीच बसते. (ॲलन झालेल्या जॉन ग्रेगसनला मोटार चालविता येत नव्हती, चित्रीकरणाच्या काळात तो ती शिकला.)

शर्यत ऐन रंगात आली असता एक वृद्ध गृहस्थ त्या गाडीपाशी येतो. तरुणपणी त्याच्यापाशीही अशीच डॅराक होती. तिच्याशी त्याच्या प्रियाराधनाच्या आठवणी जडलेल्या. तो बोलू लागतो. एकेक क्षण मोलाचा, प्रतिस्पर्धी पुढे निघालेला. तरी ॲलन थांबून त्याचे ऐकून घेतो. वेंडी काहीच बोलत नाही, नुसती नवऱ्याकडे पाहते. दोन दिवसांच्या भांडणाचे काय झाले, ते त्या पाहण्यात कळते. पुढे ॲम्ब्रोजची चाके ट्रामच्या रुळांत अडकून त्याची गाडी भलतीकडेच जाते आणि ब्रेक सुटलेली जेनेव्हिव्ह आपोआप घरंगळत वेस्टमिन्स्टर पुलावर पोहोचते. पण खरा निकाल आधीच लागलेला असतो.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आमच्या टेबलासमोर भांडणारी ती दोघे एकाच रिक्षातून आली होती आणि भांडत भांडत एकाच रिक्षातून परत गेली होती. आम्ही खिडकीतून ते पाहिले होते. पाहूनही वाचता आले नाही. ज्याने आयुष्यात कुणाशी ताटावर बसून भांडण केले नाही, त्याने भांडणाचा अर्थ लावण्याची घाई केली.

अलीकडे कार्यालयात एखादे जोडपे बँडवरून हुज्जत घालू लागले की आम्ही नोंदवही मिटतो आणि चहा सांगतो. चहा येईपर्यंत दोघे एक होऊन आमच्याशीच भांडू लागलेली असतात.