त्यांच्या पश्चात...

काल रात्री एक पिक्चर बघितला आणि नंतर बराच वेळ झोप आली नाही. म्हणून हे लिहितोय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

पिक्चर स्पॅनिश भाषेतला, पेरू देशातला. नाव 'कॉन्ट्राकोरिएन्ते', म्हणजे प्रवाहाविरुद्ध. २००९ चा. दिग्दर्शक हाविएर फुएन्तेस-लिओन. २०१० साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला होता. (पुढे गोष्ट सांगणार आहे. आधी पिक्चर बघायचा असेल तर इथेच थांबा.)

समुद्राकाठचं मासेमारांचं छोटं गाव. मिगेल तिथला मासेमार, चार लोकांत मान असलेला. बायको मारिएला गरोदर. आणि बाहेरून आलेला चित्रकार सांतियागो, ज्याच्यावर मिगेलचं प्रेम आहे. सगळं चोरून. गावात समोरासमोर आले तरी ओळख दाखवायची नाही.

एक दिवस सांतियागो बुडून मरतो. गावची रीत अशी, की देह विधिपूर्वक समुद्राला अर्पण केल्याशिवाय आत्मा सुटत नाही. सांतियागोचा आत्मा परत येतो, पण दिसतो फक्त मिगेलला. मग हे दोघे भर रस्त्यात हातात हात घालून फिरतात. जिवंतपणी जे जमलं नाही ते आता जमतं, कारण कुणाला दिसतच नाही.

खरी गोम पुढे आहे. मिगेलला पाण्याखाली सांतियागोचा देह सापडतो. तो वर आणत नाही, वाहून जाऊ नये म्हणून तिथेच बांधून ठेवतो. विधी केला तर सांतियागो जाणार, आणि गावालाही कळणार. म्हणजे गाव वाईट आणि मिगेल बिचारा, इतकं सोपं नाही. त्यालाही ही लपवाछपवी सोयीची होती. शेवटी सगळं उघड झाल्यावर तो गावादेखत त्या देहाचा विधी करायला उभा राहतो.

तिथे मला माझं टेबल आठवलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक गृहस्थ निधन वार्ता घेऊन आले होते. गेलेले त्यांचे 'मित्र'. दोघं कित्येक वर्षं एका घरात राहत होते. 'त्यांच्या पश्चात' या ओळीत भाऊ, वहिनी, पुतणे आणि शेवटी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. मी विचारलं, "नातं काय लिहू?" ते गप्प. मी म्हणालो, "मित्रांची नावं आम्ही परिवारात घेत नाही." ते म्हणाले, "बरं साहेब." मी नाव कापलं.

मला कळलं नव्हतं असं म्हणणार नाही. कळलं होतं. उगाच भानगड नको, म्हणून कापलं.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून दोन प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे आता गुन्हेगार नाही, पण नातेवाईकही नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना पत्र पाठवलं, की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. 'नसतील तर'! भाऊ-पुतणे असले की जोडीदार पुन्हा मागे. पेरूतही लग्न नाहीच. २०१५ मध्ये नागरी जोडीदारीचं विधेयक संसदेच्या समितीतच अडलं.

कायदा दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल. निधन वार्तेतली ती ओळ मात्र माझ्या टेबलावर ठरते. पुन्हा तसा कागद आला तर जे नाव, जे नातं लिहून येईल तेच छापीन.

त्या गृहस्थांपर्यंत हे पोचलं तर, माफ करा. तुमचं नाव तिथे असायला हवं होतं.